घरातल्या कॅमेऱ्याचा ताबा

घरातला कॅमेरा, टीव्ही, वायफायचा राउटर किंवा बोलका स्पीकर यांना ‘स्मार्ट’ म्हणतात, कारण ही उपकरणे इंटरनेटला जोडलेली असतात आणि घराबाहेरच्या यंत्रांशी त्यांची सतत देवघेव चालते. पंखा किंवा मिक्सर विकत घेतला की त्याचा मालक ठरून जातो. स्मार्ट उपकरणाचे तसे होत नाही. पैसे देणारा एक, बसवणारा दुसरा, मोबाइलवर ॲप चालवणारा तिसरा आणि माहिती साठवणारी कंपनी चौथी. उपकरण घरात असले तरी त्याचा ताबा या चौघांत वाटला गेलेला असतो, आणि सुरक्षिततेचे व खासगीपणाचे बहुतेक प्रश्न या वाटणीतून निघतात. दूरदेशीचा हॅकर ही त्यातली एक बाजू झाली. लहान गावात तर ती बऱ्याचदा दुय्यमच असते.

अक्कलकोटमध्ये स्मार्ट घर म्हणजे आवाजाने उघडणारे पडदे नव्हेत. येथे त्याचा अर्थ मुख्यतः सीसीटीव्ही कॅमेरा असा आहे, आणि त्याला कारणेही आहेत. स्वामी समर्थांच्या दर्शनाला गुरुवारी आणि पौर्णिमेला गर्दी लोटते. चैत्रातला प्रकट दिन, पुण्यतिथी आणि गुरुपौर्णिमा या दिवशी तर बोळाबोळांत अनोळखी चेहरे असतात. काही घरांत खोल्या भाविकांना राहायला दिल्या जातात. मुले सोलापूरला, पुण्याला नोकरीत आणि म्हातारे आईवडील गावी, अशीही घरे आहेत. दारावर आणि जिन्यात कॅमेरा लावण्यामागची गरज खरी आहे. ती गरज भागवताना घरातल्यांचे आणि पाहुण्यांचे खासगी जीवन उघड्यावर पडू नये, एवढाच प्रश्न आहे.

कॅमेऱ्याचे चित्र आधी डीव्हीआर नावाच्या पेटीत जाते आणि तिथल्या हार्ड डिस्कवर साठते. मोबाइलवर ते दोन वाटांनी दिसू शकते. जुन्या पद्धतीत राउटरमध्ये एक दार, म्हणजे पोर्ट, उघडे ठेवले जाते आणि डीव्हीआर थेट इंटरनेटवर दिसू लागतो. ज्याला त्याचा पत्ता सापडेल तो तिथपर्यंत येऊन पासवर्ड टाकून पाहू शकतो. असे पत्ते हाताने शोधावे लागत नाहीत. २००९ पासून चालणाऱ्या शोडान या शोधयंत्रात इंटरनेटला लागलेल्या उपकरणांची यादीच मिळते. नव्या पद्धतीत डीव्हीआर स्वतः कंपनीच्या सर्व्हरशी जोडून राहतो, मोबाइलही त्याच सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. यात दार उघडे ठेवावे लागत नाही, म्हणून ही पद्धत तुलनेने बरी. मात्र सगळा भरवसा दोन गोष्टींवर येतो: पेटीवरचा अनुक्रमांक किंवा क्यूआर कोड, आणि ॲपचे खाते. त्या कोडाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणे म्हणूनच टाळलेले बरे.

कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवल्याने काय होते, याचा मोठा धडा जगाला २०१६ मध्ये मिळाला. मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती. नाव-पासवर्डाच्या साठेक नेहमीच्या जोड्या तो एकामागून एक लावून पाहत असे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या अमेरिकी कंपनीवर एकाच वेळी हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अनेक तास कोलमडल्या. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण कॅमेरा आपले नेहमीचे काम करतच होता. मिराईची आणखी एक खोड सारखी वीज जाणाऱ्या गावांनी लक्षात घेण्याजोगी आहे. तो फक्त तात्पुरत्या स्मृतीत राहतो, त्यामुळे उपकरण बंद होऊन चालू झाले की नाहीसा होतो. पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येतो.

दुसरा धडा जवळचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिरुग्णालयातील तपासणीच्या खोलीतले सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विक्रीला ठेवल्याचे उघड झाले. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने ज्यांना पकडले त्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. पुढच्या तपासात देशातल्या अनेक शहरांतल्या कॅमेऱ्यांचे हजारो तुकडे हाती लागले. दवाखाने, शाळा, कार्यालये आणि घरेही त्यांत होती, पुण्या-मुंबईची नावेही होती. ‘ॲडमिन’ आणि त्यापुढे ‘१२३’ असला पासवर्ड असणाऱ्या यंत्रणा त्यांना उघड्याच मिळाल्या होत्या. या प्रकरणातली हॅकिंगची कारागिरी किरकोळ होती. भयंकर होती ती पुढची साखळी: चित्रण मिळवणारा, ते गटात टाकणारा, विकणारा आणि पैसे मोजून पाहणारा. आणि मुळात तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावला कशाला, हा प्रश्न पासवर्डाच्याही आधीचा आहे.

पासवर्ड बदलणे ही पहिली पायरी म्हणून सगळीकडे सांगितली जाते. लहान गावात तिच्याही आधी एक पायरी येते, ती म्हणजे पासवर्ड कोणाकडे आहे हे ठरवण्याची. येथे कॅमेरे बसवतो तो ओळखीचा माणूस. तोच तारा ओढतो, डीव्हीआर चालू करतो, स्वतःच्या मोबाइलमध्ये ॲप उघडून चित्र दिसते का ते पाहतो, मग घरमालकाच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून देतो आणि पैसे घेऊन जातो. या सवयीने एक अडचण तयार होते. अनेक कंपन्यांच्या ॲपमध्ये उपकरण ज्या खात्यात पहिल्यांदा नोंदवले जाते ते खाते मालकाचे मानतात. पुढे ज्यांना चित्र दिसते ते फक्त वाटेकरी. म्हणजे कागदोपत्री घर एकाचे आणि कॅमेरा बसवणाऱ्याचा, अशी स्थिती होते. बसवणारा सज्जन असला तरी त्याच्या एका मोबाइलमध्ये गावातली कित्येक घरे, दुकाने आणि लॉज राहतात. तो मोबाइल हरवला, विकला किंवा कोणा पोऱ्याच्या हाती लागला तर ती सगळी घरे त्याच्याबरोबर जातात.

यावरचा इलाज बसवण्याच्या दिवशीच होऊ शकतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. उपकरण पहिल्यांदाच घरमालकाच्या मोबाइल क्रमांकाच्या खात्यात नोंदवायचे. डीव्हीआरचा मुख्य पासवर्ड घरातल्याच माणसाने टाकायचा आणि टाकताना बसवणाऱ्याने तोंड फिरवायचे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही, चांगला कारागीर स्वतःच तसे सुचवतो. दुरुस्तीसाठी त्याला प्रवेश लागला तर मर्यादित अधिकाराचे वेगळे खाते काढून द्यायचे आणि काम झाले की काढून टाकायचे. जिथे कॅमेरे आधीच बसले आहेत तिथे ॲपमध्ये ‘उपकरण कोणाकोणाला वाटले आहे’ ही यादी उघडून पाहावी. स्वतःचे खाते वाटेकऱ्याचे निघाले तर बसवणाऱ्याला त्याच्या ॲपमधून उपकरण काढायला सांगून ते नव्याने नोंदवावे लागते. तो सापडत नसेल तर खरेदीची पावती दाखवून कंपनीच्या सेवाकेंद्राकडून हे करून घेता येते. नुसता डीव्हीआरचा पासवर्ड बदलला म्हणजे जुने खाते सुटले, असे गृहीत धरू नये. पावती जपून ठेवण्याचे हे एक कारण.

ताब्याचा असाच पेच घरच्या घरातही पडतो. पुण्याला राहणारा मुलगा आईवडिलांच्या काळजीने कॅमेरा लावतो, खाते त्याच्या नावाचे, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. गावी काही बिघडले तर आईवडिलांना काहीच करता येत नाही. पण यात त्याहून नाजूक गोष्ट आहे. काळजी आणि पाळत यांच्यात अंतर आहे, आणि ते कॅमेरा कुठे लावला यावर ठरते. दार, अंगण, जिना येथपर्यंत काळजी. माजघरात, झोपायच्या खोलीत चोवीस तास डोळा लावून ठेवला की म्हातारी माणसे स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वागू लागतात. बहुतेक कॅमेऱ्यांत माइक असतो आणि तो सुरू असतो, हे तर त्यांना कोणी सांगतही नाही. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही कॅमेरा कुठे आहे हे माहीत असले पाहिजे. आवाजाची नोंद ॲपमधून बंद करता येते. तिचा चोरीच्या तपासात फारसा उपयोग नसतो, म्हणून ती बंद असलेलीच बरी.

कॅमेऱ्यापेक्षा कमी लक्ष जाते ते राउटरकडे. केबलवाल्याने भिंतीवर ठोकलेला हा डबा घराचा खरा उंबरा आहे. त्याचे पासवर्ड दोन असतात. एक वायफाय वापरण्याचा, दुसरा डब्याची रचना बदलण्याचा. दुसरा बहुतेकांना ठाऊकच नसतो, आणि एकाच केबलवाल्याच्या सगळ्या ग्राहकांकडे तो एकसारखा असू शकतो. वायफायच्या पासवर्डाबाबत अक्कलकोटला एक खास सल्ला द्यावा लागेल: स्वामींचे नाव आणि पुढे १२३ हा पासवर्ड गावात मुक्कामाला आलेला कोणताही भाविक पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत ओळखेल. मोबाइल क्रमांक आणि आडनाव यांचीही तीच गत. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले तर पासवर्ड लांब होतो, लक्षात राहतो आणि यंत्राला ओळखणे अवघड जाते. वहीत लिहून कपाटात ठेवला तरी बिघडत नाही. इंटरनेटवरचा चोर कपाट उघडू शकत नाही.

राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा निवडलेली असावी. बटण दाबून जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस सोय, उपकरणांना आपोआप दार उघडून देणारी यूपीएनपी सोय आणि बाहेरून राउटर चालवण्याची मुभा, या तिन्ही बंद असाव्यात. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय बऱ्याच राउटरमध्ये असते. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी तर ती वापरायलाच हवी, कारण एकाच वायफायवर आलेल्या पाहुण्याच्या मोबाइलला घरचा डीव्हीआरही दिसू शकतो. कॅमेरे आणि टीव्ही याच पाहुण्यांच्या जाळ्यावर ठेवण्याचा सल्लाही तज्ज्ञ देतात. मात्र काही उपकरणे तशी नीट चालत नाहीत, ते करून पाहावे.

सॉफ्टवेअरच्या सुधारणा हा कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत असा दोष सापडला की पासवर्ड माहीत नसतानाही बाहेरचा माणूस कॅमेरा ताब्यात घेऊ शकत होता. कंपनीने दुरुस्ती लगेच दिली. सुमारे वर्षभराने केलेल्या पाहणीत जगभरातले ८० हजारांहून अधिक कॅमेरे दुरुस्तीविनाच इंटरनेटवर आढळले. मोबाइल स्वतःहून सुधारणा मागतो, भिंतीवरचा कॅमेरा मागत नाही. दिवाळीच्या साफसफाईत कॅमेऱ्याची काच पुसली जाते तेव्हाच ॲपमध्ये जाऊन सुधारणा आली आहे का तेही पाहिले तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे असावे, याचे उत्तर तंत्रात नाही, शेजारधर्मात आणि कायद्यात आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्याचा माग पुढे थेट घरगुती कॅमेऱ्यापर्यंत आला. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात कोलकाता उच्च न्यायालयाने म्हटले की सामाईक घराच्या राहत्या भागात दुसऱ्या सहरहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. भाऊबंदांनी वाटून घेतलेले जुने वाडे जिथे आहेत तिथे हा निकाल रोजच्या उपयोगाचा आहे. सामाईक चौक, आड किंवा जिना टिपणारा कॅमेरा लावण्याआधी सगळ्यांचे होकार लेखी घेतलेले बरे. शेजाऱ्याच्या खिडकीचा किंवा न्हाणीच्या दाराचा भाग चित्रात येत असेल तर कॅमेरा वळवावा. वळवणे शक्य नसेल तर तेवढाच भाग काळा करण्याची सोय बहुतेक डीव्हीआरमध्ये असते. ती आहे हे बसवणारेही क्वचितच सांगतात.

एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीशिवाय घेणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्त्रीचे खासगी क्षणी चोरून चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये येते. त्यात पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षे आणि पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कैद आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा निव्वळ घरगुती कामासाठी माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाही. खोल्या भाड्याने देणारा मात्र ‘हे माझे घर आहे’ एवढे म्हणून सुटेल असे नाही, कारण तिथे व्यवसाय सुरू होतो. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर थांबण्याची गरज नाही. कॅमेरा प्रवेशद्वार आणि वाहनतळापुरताच असावा, पाहुण्यांच्या खोल्यांच्या आत नसावा, आणि असेल तिथे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत पाटी असावी. सीमेवरच्या या गावाला कलबुर्गीकडून येणाऱ्या भाविकांसाठी ती पाटी वेगळी सांगावी लागू नये.

टीव्ही आणि बोलका स्पीकर यांचे थोडक्यात. टीव्ही काय पाहिले जाते याची नोंद कंपनीकडे पाठवू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने व्हिझिओ कंपनीकडून २२ लाख डॉलर घेऊन असे प्रकरण मिटवले, त्यात १ कोटी १० लाख टीव्ही होते. ही सोय टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘व्ह्यूइंग डेटा’ अशा नावांखाली सापडते आणि बंद करता येते. स्पीकरने साठवलेले आवाज ॲपमधून ऐकता आणि पुसता येतात. कंपनीवरही डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. घरगुती कॅमेरे विकणाऱ्या रिंग कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी चित्रण पाहता येत होते, म्हणून २०२३ मध्ये तिला ५८ लाख डॉलर मोजावे लागले.

महावितरणच्या नव्या स्मार्ट मीटरबद्दल मात्र गैरसमज अधिक आहेत. मीटर ठरावीक मिनिटांच्या अंतराने वीजवापर नोंदवतो. त्यावरून घरात माणसे आहेत की घर बंद आहे याचा अंदाज करता येतो, त्यामुळे ही माहिती खासगीच मानली पाहिजे. पण तिथे ग्राहकाने बदलायचा पासवर्ड नाही, ती माहिती राखण्याची जबाबदारी वितरण कंपनीची आहे. ग्राहकाला खरा धोका मीटरपेक्षा मीटरच्या नावाने येणाऱ्या निरोपांचा असतो. ‘बिल भरले नाही, रात्री वीज तोडू, या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर अनोळखी मोबाइल क्रमांकावरून आला की तो फसवणुकीचा समजावा. त्यावर फोन केला की समोरचा एखादे ॲप घ्यायला सांगतो आणि मोबाइलचाच ताबा जातो. त्याच मोबाइलमध्ये कॅमेऱ्याचे ॲपही असते.

नवा कॅमेरा घेताना आता एक सरकारी आधार मिळाला आहे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाच्या ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेनुसार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या ठरावीक कसोट्या पार कराव्या लागतात, आणि ही अट ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. त्यांत प्रवेशाचे नियंत्रण, चित्राचे सांकेतिकरण, सॉफ्टवेअरच्या सुधारणा यांची तपासणी होते. दुकानदाराला ‘एसटीक्यूसीचे (मंत्रालयाच्या तपासणी विभागाचे) प्रमाणपत्र असलेले मॉडेल कोणते’ असे विचारावे. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखाच पासवर्ड असलेली उपकरणे विकायलाच बंदी घातली आणि सुधारणा किती काळ मिळतील ते जाहीर करण्याची सक्ती केली. सुधारणांचा हा प्रश्न येथेही दुकानात विचारायला हरकत नाही. भिंतीवर आधीच लागलेल्या कॅमेऱ्यांना या नियमांचा उपयोग नाही.

गडबड झालीच तर काय करावे, हे आधी ठरलेले असावे. कॅमेरा आपोआप फिरू लागला, ॲपमध्ये अनोळखी मोबाइलवरून प्रवेश झाल्याची नोंद दिसली किंवा इंटरनेट विनाकारण मंदावले, तर प्रथम राउटरची वायर काढावी. डीव्हीआर पुसून टाकण्याची घाई करू नये, त्यातल्या नोंदी पुरावा असतात. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन, इतर तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा अक्कलकोट उत्तर वा दक्षिण पोलीस ठाण्यात. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी करतो, तक्रार मात्र कोणत्याही ठाण्याला घ्यावी लागते. घातक प्रोग्रॅम काढण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे २०१७ पासून मिळतात.

चोरीच्या तपासात चित्रण द्यायचे तर त्याची वेळ बरोबर असली पाहिजे. वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारी डीव्हीआरमधली नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख मागे जाते, आणि पहाटे तीनची चोरी दुपारची दिसते. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळवण्याची सोय चालू ठेवली की हा घोटाळा टळतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा चित्रणासोबत ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात त्या फाइलची हॅश म्हणजे गणिती ओळखखूणही असते. म्हणून मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढून देण्यापेक्षा पोलिसांना मूळ फाइल काढू देणे योग्य. डीव्हीआर हॉलमध्ये टीव्हीखाली असेल तर चोर तोही उचलून नेतो. हवा खेळेल अशा कुलूपबंद कपाटात त्याची जागा आहे.

शेवटची वेळ येते उपकरण घराबाहेर जाते तेव्हा. जुना डीव्हीआर भंगारात गेला तरी हार्ड डिस्कवरचे चित्रण त्याच्याबरोबर जाते. डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्ण फॉरमॅट करावी, उपकरण ॲपच्या खात्यातून काढावे आणि मग कारखान्यातल्या मूळ स्थितीला आणावे. क्रम हाच ठेवावा, कारण मूळ स्थितीला आणूनही अनेक उपकरणे जुन्या खात्याला बांधलेलीच राहतात. टीव्ही विकताना त्यातून यूट्यूब आणि इतर खाती बाहेर काढावीत. घर भाड्याने देताना मालकाने आतले कॅमेरे काढून घ्यावेत, आणि भाडेकरूने राहायला येताच राउटरचे दोन्ही पासवर्ड बदलून घ्यावेत.